सीब ते सहार, वारा पाठीशी

शांती नगर, मीरा रोड (पूर्व)
रविवार, २२ ऑगस्ट २००४

चिरंजीव इशिता,

तुला आणि निहाररावांना आम्हा दोघांचे आशीर्वाद. तिसऱ्यालाही, पण तो किंवा ती अजून पत्त्यावर हजर नसल्यामुळे तुझ्या मार्फत.

आम्ही इकडे ठीक आहोत. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून लिहिलं, असं समजू नकोस. पाणी एक दिवसाआड येतं, लिफ्ट दोन दिवसाआड चालते आणि सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंग असेल त्याच दिवशी गावाला जातात. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

गेले दोन शुक्रवार आई फोनवर आली नाही म्हणून तू रुसलीस. तर ऐक. तुझ्या आईने मौन धरलं आहे. श्रावणापासून कार्तिकी एकादशीपर्यंत बोलायचं नाही असा नेम. मला न विचारता घेतला, त्यामुळे मला दोष देऊ नकोस. लग्न झाल्यापासून मी घरात ज्या शांततेची मागणी करत होतो, ती अशी एकाएकी मंजूर झाली आहे आणि तिचं काय करावं ते मला कळत नाही. कुकरच्या शिट्ट्या मीच मोजतो, मीच विसरतो. शेजारच्या हंसाबेन दिवसातून दोनदा डोकावून जातात आणि माझी आमटी बघून देवाचं नाव घेतात.

आता तुझ्या येण्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात चर्चा नाही. पण तू 'इथून तिथे काय, उडी मारली की आले' असं म्हणालीस, ते मला पटेना. मास्तराची जात. कोपऱ्यावर पूर्वी पिठाची गिरणी होती, तिथे आता जितेंद्रचं सायबर कॅफे आहे. दळण तेच, फक्त पांढरं उडत नाही. त्याने पडद्यावर दोन रकाने काढले. एकात तुमच्या मस्कतचा सीब विमानतळ घातला, दुसऱ्यात आमचं सहार. बटण दाबल्यावर उत्तर आलं: साडेपंधराशे किलोमीटर, वेळ अडीच तास आणि वर थोडा.

"काका, ट्रेनने पण बघू का?" जितेंद्र म्हणाला.

"अरे, मध्ये समुद्र आहे."

"हां, मग फ्लाइटच बेस्ट."

मी त्याला सहार ते शांती नगर विचारलं. तो हसला. "ते नाय येत काका. ते काशीमीऱ्याला हायवेवरच्या ट्रकवाल्यांना विचारायचं."

आणखी एक शोध लागला. येताना वेळ कमी लागतो, जाताना जास्त. वारा पश्चिमेकडून वाहतो म्हणे. म्हणजे माहेरी येताना पाठीशी आणि सासरी जाताना तोंडावर. हे कुठल्याही सासुरवाशिणीने विमानाशिवाय सांगितलं असतं. घरी येऊन मी किलोमीटरची योजनं केली. एक योजन म्हणजे नक्की किती, यावर आमच्या शास्त्रकारांचं एकमत नाही. मी सगळ्यात मोठं योजन धरलं, म्हणजे तू सगळ्यात जवळ आलीस.

पण अडीच तास हे कमी आहेत की जास्त, ते मला ठरवता येत नाही. तुझे पाय सुजतात का? कडेची जागा माग, खिडकीची नको. मध्येच पोटात दुखलं तर विमान थांबवता येतं का, हे मी जितेंद्रला विचारलं. "काका, ती एसटी नाय," म्हणाला. छत्तीस आठवड्यांनंतर विमानात घेतच नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी, असंही तो म्हणाला. खरं आहे का?

तिकीट मात्र एवढ्यात काढू नकोस. गणपतीत फार गर्दी असते. मी दिवस बघून कळवतो. आणि आठवड्यातून दोनदा फोन करत जाऊ नकोस, उगाच बिल येतं. मी लिहीन.

आईने आशीर्वाद मानेनेच दिले. ते मी इथे शब्दांत उतरवले आहेत.

तुझा
बाबा

❖

शांती नगर
रविवार, १२ सप्टेंबर २००४

चिरंजीव इशिता,

तुझं पत्र ॲड्रियनने हातोहात आणून दिलं. उत्तनच्या गॅब्रियलसरांचा हा मुलगा तुमच्या शेजारच्या इमारतीत राहतो हे माहीत होतं, पण तू त्याला पोस्टमन केलंस हे नवीन. संस्कृतात ब्याण्णव मार्क मिळवून मस्कतला एसी दुरुस्त करणारा तो माझा एकमेव विद्यार्थी. मी त्याला दारातच विमानाबद्दल विचारलं.

"काय न्हाय सर, एकदम सोपं हाय," म्हणाला. "पट्टा लावला, जेवण आलं. जेवलो, तर बाई सांगते खाली उतरतो, पट्टा लावा. झोपाला पण टायम न्हाय."

"आणि हवेत धक्के?"

"सर, तुमच्या हायवेवर रिक्षात जास्त बसतात."

त्याला आत ये म्हटलं नाही. घर आवरलेलं नव्हतं. तो महिनाअखेरीला परत जाईल तेव्हा तुझ्यासाठी काही द्यायचं असेल तर घेऊन जाणार आहे.

तू लिहितेस, 'आईला निदान हुं तरी म्हणू द्या.' अगं, नेम म्हणजे नेम. हुं हा शब्द आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण तुझी आई वाद घालण्याच्या मनःस्थितीत नाही. तू असंही लिहितेस की, बाबा, तुमची पत्रं नेहमीपेक्षा जास्त विनोदी आहेत. ही तक्रार मी प्रथमच ऐकतो.

असो. दिवस ठरवला. घटस्थापनेला ये. त्याच्या आधी पितृपक्ष आहे आणि त्यात असा प्रवास करू नये. गणपतीत तर नकोच, रस्ते बंद असतात.

तुझी तारीख तू आईला सांगितली होतीस, मला कोणी सांगितली नाही. बाप म्हणजे अशा बाबतीत बाहेर चपलांपाशी बसणारा माणूस. आई आता मौनात, म्हणून मीच मोजलं. होळीच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा दुसरा लागला होता. चैत्रात तिसरा, वैशाखात चौथा, ज्येष्ठात पाचवा, आषाढात सहावा, श्रावणात सातवा, भाद्रपदात आठवा. म्हणजे घटस्थापनेलाही आठवा पुरा व्हायचा असेल आणि विमानवाल्यांचे छत्तीस आठवडे त्याच्या पुढे बरेच लांब. बाळ दिवाळीचा फराळ संपल्यावर येईल. आठव्यात प्रवास नको म्हणतात, पण जेवण संपायच्या आत जो संपतो त्याला प्रवास कशाला म्हणायचं?

एक विचारायचं राहिलं. तुला माहेरी यायचंय ते माहेरासाठी, की तिथे करणारं कोणी नाही म्हणून? रागावू नकोस. मस्कतला हॉस्पिटलं चांगली आहेत असं ऐकतो. निहाररावांच्या आई तिकडे येऊ शकतील का, हेही मनात आलं. नुसतं आलं. तू मनावर घेऊ नकोस, पण उत्तर दे.

फोनपेक्षा पत्रच बरं.

तुझा
बाबा

❖

शांती नगर
बुधवार, २९ सप्टेंबर २००४

इशू,

परवा लाइन तुटली नव्हती. फोन मीच ठेवला.

तू जे बोललीस ते मी शब्दशः लिहून ठेवू शकतो, इतकं ते कानात आहे. "बाबा, घटस्थापनेला मला सदतिसावा आठवडा असेल. मला चढूच देणार नाहीत. तुम्ही मोजलंत कसं?" मी म्हटलं, पंचांगावरून. तू म्हणालीस, "मग श्रावण किती धरलेत?"

मी फोन धरूनच पंचांग ओढलं, तोवर तूच पुढे म्हणालीस,

"या वर्षी अधिक महिना होता, बाबा. दोन श्रावण. आमच्या लग्नानंतरचा पहिला अधिक. आईने जावयाला अनारशांचं वाण पाठवलं नाही. मला वाटलं, टपालात अडकलं असेल, म्हणून मी बोलले नाही. पण आई वाण विसरते, तुम्ही महिनाच्या महिना विसरता? तुम्ही? आणि पितृपक्षाचं मला सांगू नका. हा फ्लॅट तुम्ही पितृपक्षात बुक केलात, बिल्डर सवलत देतोय म्हणून. आईशी भांडून. काय झालंय त्या महिन्यात घरी?"

जन्मभर पंचांग शिकवलेल्या माणसाने अधिक मास गाळावा, यावर माझ्या शत्रूचाही विश्वास बसला नसता. पण खरंच गळला, इशू. मी लबाडी केली असती तर निदान नीट केली असती. तो महिना माझ्या मोजणीत आलाच नाही.

आता सांगतो. तू बसली आहेस ना? निहाररावांना जवळ बोलाव आणि मग पुढचं वाच.

तुझ्या आईला अधिक श्रावणाच्या शेवटी अर्धांगवायूचा झटका आला. ती अनारशांचाच तांदूळ चाळत होती. चाळणी हातातून पडली. मी पेपर वाचत होतो आणि न बघता म्हटलं, "सांडलं का?" उत्तर आलं नाही. बघितलं तर ती स्वतःच्या उजव्या हाताकडे रागाने बघत होती, वर्गात ऐकत नसलेल्या मुलाकडे बघावं तसं. मग तोंड उघडलं आणि आवाज आला, पण शब्द आला नाही. हंसाबेनच्या मुलाने गाडी काढली. दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. तुझ्या त्या दोन शुक्रवारी मी तुझ्याशी बोलायला घरी धावत आलो आणि परत गेलो.

जीव वाचला आहे. धोका टळला असं डॉक्टर म्हणतात. उजवा हात हलत नाही, उजवा पाय थोडा हलायला लागला आहे. खुर्चीत बसते, आधाराने बाथरूमपर्यंत जाते. समजतं सगळं. बोलता येत नाही. येईल, थोडं थोडं, असं म्हणतात. किती ते सांगत नाहीत.

मौन वगैरे काही नव्हतं. ती गोष्ट रचताना मी माझ्यावर खूश होतो, तेही सांगून टाकतो. मग रोज ती निभावताना नव्हतो.

तुला का नाही सांगितलं? पहिल्या आठवड्यात वाटलं, तू घाबरशील, पोटात बाळ आहे. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, थोडी सुधारू दे. मग सांगायची वेळ रोज आदल्या दिवशीच निघून गेलेली असायची. आणि खरं त्याच्या खाली आहे. मुलगी माहेरी येते ती आईच्या हातासाठी. तेल, शेक, डिंकाचे लाडू, रात्री उठून बाळ घेणं. तो हात इथे मांडीवर पडून असतो. तू दार उघडून आत येशील आणि तिने तुला न्हाऊ घालण्याऐवजी तुलाच तिचं तोंड पुसावं लागेल, हे चित्र मला बघवेना. म्हणून दिवस पुढे ढकलत राहिलो. तू यावंस म्हणून रोज वाट बघायची आणि येऊ नयेस म्हणून मुहूर्त काढायचे, असा कारभार चालला होता.

हंसाबेन पहिल्यापासून ओरडत होत्या. "मास्टरजी, बेटी का फोन आता है तो आप चोर जैसा मुँह क्यों करते हो? माँ है उसकी. बता दो ना." मी म्हणायचो, "कल बताता हूँ."

काल ॲड्रियन सामान न्यायला आला. या वेळी त्याने दारात थांबायचं नाकारलं. सरळ आत आला, आईच्या पायांशी खाली बसला, तिचा पडलेला हात हातात घेतला आणि माझ्याकडे वळला.

"सर, हा नेम न्हाय."

"तू तिला काही सांगू नकोस," मी म्हटलं. "मीच सांगेन."

"मी आपणहून बोलणार न्हाय. पण तिनं विचारलं तर सांगणार हाय. खोटं बोलाला मना जमत न्हाय, सर. तुम्हीच मारून मारून सवय मोडलीत."

मारून हे खोटं आहे. मी त्याला फक्त बाकावर उभं करायचो.

आणि आता हे ऐक, म्हणजे तुला आई कशी आहे ते कळेल. गेले दहाबारा दिवस ती मला डावा हात दाखवायची. पाच बोटं उघडायची, मिटायची, मग चार. पुन्हा पाच, पुन्हा चार. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, तिनेच हा शिकवला असणार असं धरून मी म्हणायचो, "छान, अजून एकदा कर." ती डोळे मिटून घ्यायची. परवा तुझा फोन ठेवला आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. तिने पुन्हा तेच केलं. पाच आणि चार. नऊ. तुला नववा लागलाय, हे ती मला बारा दिवस सांगत होती आणि मी तिला शाबासकी देत होतो. घरात दोन माणसं. वाचा गेलेलीचा हिशेब बरोबर आणि बोलणाऱ्याचा चुकलेला.

"नववा?" मी विचारलं. तिने मान हलवली. मग तोच डावा हात उचलून तिरका खाली आणला, विमान उतरतं तसा, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिला खरं सांगू?" तिने माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली. बऱ्यापैकी जोरात. डाव्या हाताची ताकद चांगली आहे.

म्हणून हे पत्र. ॲड्रियन उद्या जातोय, संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. पोस्टाने पाठवलं असतं तर ते पोचेपर्यंत तुझं विमान बंद झालं असतं.

तू काय करावंस ते मी ठरवणार नाही, माझे मुहूर्त आता पुरेत. आठवडे तू आणि तुझी डॉक्टरीण मोजा. ती नको म्हणाली तर येऊ नकोस. तिकडेच नीट मोकळी हो, आणि ते आईला सांगायचं काम माझं. ते मी पुढे ढकलणार नाही. ती हो म्हणाली, चिठ्ठी दिली, तर येत्या रविवारचं तिकीट काढ. पितृपक्ष आहे, असू दे. आपल्या घरातून गेलेल्यांत याचं वाईट वाटून घेणारं कोणी नाही, आणि आजोबा-पणजोबा असतील ते पणतवंड येतंय म्हणून एक जेवण उशिरा घेतील.

इथे काय मिळेल ते आधी सांगतो, म्हणजे फसवणूक नको. न्हाऊमाखू घालायला हंसाबेन तयार आहेत. त्यांचं तेल मोहरीचं असेल आणि बडबड गुजराथीत. डिंकाचे लाडू विकतचे. आमटी माझी. रात्री बाळ रडलं तर उठेन मी, तसाही जागाच असतो. आणि आई बघत बसेल. काही चुकलं की चापट मारेल. एवढंच आहे. हे माहेर तुला पुरेल का, हे मी गेल्या पत्रात आडून विचारलं होतं. आता सरळ विचारतो.

मला मात्र तू यायला हवी आहेस. हे वाक्य मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही, त्यामुळे नीट जमलं आहे का ते मला ठाऊक नाही.

आलीस तर सहारला मी एकटाच असेन. तिला तेवढा रस्ता झेपायचा नाही. दर वेळी तू काचेच्या दारातून बाहेर येतेस, मला हात करतेस आणि बघतेस माझ्या खांद्यामागे, आई कुठे आहे म्हणून. या वेळी मागे बघू नकोस. मला ते बघवणार नाही आणि तुला ट्रॉली ढकलवणार नाही. सरळ माझ्याकडे ये. सामान मी घेतो. घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस तरी चालेल, रडलीस तरी चालेल. टॅक्सीवाल्याला मी सांगेन, हळू चालव, माझी मुलगी आहे.

वाट बघतोय.

तुझा बाबा,
आणि तुझी आई, जिला हे पत्र मी आधी मोठ्याने वाचून दाखवलं आणि जिने ते पाठव म्हणून सांगितलं